पेल एलसाठी हॉप निवडताना: वाणाचं नाव आधी, की काम आधी?

आजचा विषय आपल्या भागात जरा आडवाटेचा वाटेल. घरी बनवायच्या पेल एल या बियरसाठी हॉप्सचा कोणता वाण निवडावा, हा तो विषय. हा प्रश्न आम्हाला बाहेरदेशी राहणारी आपलीच मुलंमुली विचारतात. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा इथून शिकायला-नोकरीला गेलेली, आणि आता तिकडच्या गॅरेजमध्ये शनिवारी मोठं पातेलं चढवणारी. त्यांच्यासमोर दुकानात पन्नास-साठ पाकिटं असतात. प्रत्येकावर एक आकर्षक नाव, एक आकडा आणि फळांची वर्णनं. घ्यायचं कोणतं?

पुढे जाण्याआधी कायद्याचं स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा घरच्या बियरलाही लागू होतो. ‘थोडीच बनवली, घरच्यापुरती बनवली’ ही सबब चालत नाही. इंग्लंडमध्ये घरी बियर बनवायला लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९७८ साली केंद्रीय कायद्याने परवानगी मिळाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, आणि घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन ही मर्यादा आहे, शिवाय राज्याचे नियम वेगळे. म्हणजे पातेलं चढवण्याची गोष्ट तिकडच्यांसाठी. इथल्यांसाठी शेवटी एक प्रयोग सांगणार आहोत, त्यात दारूचा थेंबही नाही.

आणखी एक. आपल्या जिल्ह्यात दारूने घरं मोडलेली आपण पाहिली आहेत, आणि गावोगावच्या बायांनी दारूबंदीसाठी केलेली आंदोलनंही पाहिली आहेत. शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आहे. हे सगळं माहीत असूनच आम्ही बोलतो आहोत. आजचं बोलणं एका वनस्पतीबद्दल आणि वाण निवडण्याच्या पद्धतीबद्दल आहे. आणि वाण निवडणं ही गोष्ट यवतमाळच्या माणसाला शिकवायची गरज नाही.

कृषी केंद्रातला प्रश्न

मे महिन्याच्या शेवटी कृषी केंद्रात उभं राहा. कपाशीची कितीतरी पाकिटं मांडलेली असतात, प्रत्येकावर फुटलेल्या बोंडाचा फोटो. नवखा माणूस फोटो बघतो. जाणता शेतकरी आधी स्वतःला विचारतो: जमीन हलकी की भारी? कोरडवाहू की ओलिताची? पीक किती दिवसांत मोकळं व्हायला हवं? तुरीचंही तसंच. मध्यम जमीन, पाणी कमी, तर लवकर येणारी बीडीएन ७११. जमीन भारी आणि ओल टिकणारी, तर जास्त दिवसांची बीएसएमआर ७३६. ‘सगळ्यात चांगला वाण कोणता’ असं कोणी विचारलं तर म्हातारा माणूस हसतो. कुठे लावणार ते सांग, मग बोलू.

हॉप्सचंही नेमकं हेच आहे. फरक इतकाच, की इथे जमिनीऐवजी पातेलं आहे, आणि पावसाऐवजी वेळ. हॉप उकळीच्या सुरुवातीला घालणार, शेवटी घालणार, की सगळं थंड झाल्यावर? हे ठरल्याशिवाय नावाला अर्थ नाही.

हॉप म्हणजे काय

हॉप ही वेल आहे. दरवर्षी जमिनीतून नव्याने फुटते, आधाराला पाच-सहा मीटर चढते. वनस्पतिशास्त्रात ती गांजाच्या कुळातली, पण नशेचा तो गुण तिच्यात नाही. नर आणि मादी झाडं वेगळी. बियरसाठी फक्त मादी वेलीची फुलं वापरतात. ती हिरवट, खवल्यांची, लहान शंकूसारखी दिसतात. खवले उलगडले की बुडाशी पिवळी भुकटी दिसते, तिला ल्युप्युलिन म्हणतात. आपल्याला हवं ते सगळं या भुकटीत असतं. बाजारात बहुधा ही फुलं दळून, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. जनावरांच्या ढेपेच्या गोळ्या असतात ना, तशाच पण बारीक.

बियर कशी होते ते दोन वाक्यांत सांगतो. जवाला मोड आणून तो वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. माल्ट कोमट-गरम पाण्यात भिजवून गोड काढा काढतात. तो काढा तासभर उकळतात, थंड करतात आणि यीस्ट घालून आंबवतात. नुसता गोड काढा आंबवला तर पेय गुळमट लागतं आणि लवकर बिघडतं. हॉप्स या दोन्हींवर उपाय आहेत. त्यांचा कडूपणा गोडाला तोलतो, आणि त्यांतली राळ लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंना वाढू देत नाही. ज्वारीची आंबील आंबट होते ती याच गटातल्या जिवाणूंमुळे. आंबिलीत ते हवेत, बियरमध्ये नकोत. यीस्टला मात्र हॉप्सचा त्रास होत नाही.

आपल्याकडच्या मोहाशी तुलना केली की हे जास्त कळतं. गोंड, कोलाम समाजात मोहाच्या फुलांची दारू जुनी आहे. पण ती आंबवून पुढे ऊर्ध्वपातनाने काढतात, म्हणून टिकवण्यासाठी वेगळी कडू वनस्पती लागत नाही. बियर आंबवल्यावर तशीच पितात, मद्यार्काचं प्रमाण कमी असतं. तिला राखणदार लागतो, आणि तो हॉप.

पेल एल आणि हिंदुस्थान

पेल एल म्हणजे फिकट भाजलेल्या माल्टची, सोनेरी ते तांबूस रंगाची बियर. इंडिया पेल एल या नावात आपल्या देशाचं नाव आहे, म्हणून अनेकांना वाटतं की ती खास हिंदुस्थानासाठी कोणी शोधून काढली. तसं नाही. फिकट, जास्त हॉप्सची बियर इंग्लंडमध्ये आधीपासून होती. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसन यांच्या कारखान्याची बियर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला येऊ लागली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून येणारा तो कित्येक महिन्यांचा प्रवास. उष्ण देशांसाठीच्या बियरमध्ये हॉप्स जास्त घालावेत, हा सल्ला तेव्हा रूढ होता. पुढे १८२०च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉपसारख्या कारखानदारांनी हा धंदा हातात घेतला. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्याने कडूपणा स्वच्छ आणि टोकदार लागतो. पाण्याकडे पुन्हा येऊ.

महाराष्ट्रात ताजी, जागेवरच बनवलेली बियर तुलनेने अलीकडची. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं, ती राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी. त्यानंतर पुण्या-मुंबईत अशा जागा वाढल्या, आणि त्यांच्या फळ्यांवर सिट्रा, मोझॅक, कॅस्केड ही नावं दिसू लागली. आपल्यापैकी अनेकांनी ती तिथेच पहिल्यांदा वाचली असतील.

एकच हॉप, दोन कामं

आता मुख्य मुद्दा. पिवळ्या भुकटीत दोन प्रकारची द्रव्यं आहेत. एक, अल्फा आम्लं. ही कडूपणा देतात, पण कच्ची असताना काढ्यात नीट विरघळत नाहीत. उकळताना त्यांची रचना बदलते, मग ती विरघळतात. त्याला वेळ लागतो. तासभर उकळलं तरी घातलेल्यातलं साधारण पाव भागच बियरमध्ये उतरतं. दहा मिनिटं उकळलं तर दहा टक्क्यांच्याही आत.

दुसरी, सुगंधी तेलं. यांच्यात वास आहे. पण तेलं उडून जातात. तासभर उकळलेल्या हॉपचा वास बराचसा स्वयंपाकघरभर पसरतो आणि ग्लासात उरत नाही.

म्हणजे कडूपणाला वेळ हवा आणि वासाला वेळ नको. एकच हॉप एकाच वेळी दोन्ही कामं पूर्ण करू शकत नाही. आपल्या स्वयंपाकात हे रोजचंच आहे. तमालपत्र, दालचिनी सुरुवातीला फोडणीत पडते. कोथिंबीर गॅस बंद केल्यावर. कोथिंबीर कितीही उत्तम असली आणि ती तासभर उकळली, तर दोष कोथिंबिरीचा नाही.

म्हणून हॉप्स तीन वेळा घालतात. उकळीच्या सुरुवातीला कडूपणासाठी. शेवटच्या दहा मिनिटांत किंवा गॅस बंद केल्यावर चवीसाठी. आणि आंबणं संपत आल्यावर, थंड बियरमध्ये, नुसत्या वासासाठी. याला ड्राय हॉपिंग म्हणतात.

पाकिटावरचा आकडा

आता हिशेब. घाबरू नका, पाचवी-सहावीचं गणित आहे. बियरचा कडूपणा आयबीयू या एककात मोजतात. ढोबळमानाने एक लिटरमध्ये एक मिलिग्रॅम बदललेलं अल्फा आम्ल म्हणजे एक आयबीयू. अमेरिकन पद्धतीच्या पेल एलला साधारण ३० ते ५० आयबीयू चालतो.

समजा २० लिटर बियर करायची आहे. पाकिटावर अल्फा १२ टक्के लिहिलंय. २० ग्रॅम हॉप तासभर उकळला. २० ग्रॅमचे १२ टक्के म्हणजे २.४ ग्रॅम. त्यातलं पाव उतरलं, म्हणजे ०.६ ग्रॅम, अर्थात ६०० मिलिग्रॅम. भागिले २० लिटर. उत्तर ३० आयबीयू.

आता कॅस्केड हा वाण घ्या. याचं अल्फा साधारण साडेचार ते सात टक्के असतं. मोसम, शेत आणि काढणीप्रमाणे बदलतं. ४० ग्रॅम कॅस्केड तासभर उकळलं. पाकिटावर साडेचार टक्के असेल तर उत्तर येतं साडेबावीस आयबीयू. सात टक्के असेल तर पस्तीस. नाव तेच, वजन तेच, वेळ तोच. एक बियर मवाळ आणि दुसरी ठसठशीत कडू. म्हणून कोणी ‘४० ग्रॅम कॅस्केड घाल’ एवढंच सांगितलं तर ती अर्धी कृती आहे. आकडा वाचा, मग वजन ठरवा. बियाण्याच्या पाकिटावरची उगवणशक्ती वाचून दर एकरी किती टाकायचं ते ठरवता, तसं.

कडूपणासाठी कोणता

या कामासाठी वासाची चिंता करू नका, तो उडणारच आहे. अल्फा जास्त आणि चव स्वच्छ, एवढंच बघा. जर्मनीचा मॅग्नम यासाठी प्रसिद्ध आहे. अल्फा १२ टक्क्यांच्या आसपास. थोडाच लागतो, त्यामुळे पातेल्यात पाला कमी आणि पाल्याचा तुरट कडूपणाही कमी. महागडा सुगंधी वाण तासभर उकळणं म्हणजे केशर फोडणीत जाळणं. पैसे जातात आणि हाताला काही लागत नाही.

वासासाठी कोणता

इथे मात्र नावाला किंमत आहे. पण इंग्रजी वर्णनांत हरवून जाऊ नका. आपल्या ओळखीच्या वासांत सांगतो.

कॅस्केड हा अमेरिकेचा, १९७२ साली आलेला. पपनसाची साल नखाने खरवडली की जो वास येतो तो, आणि थोडा फुलांचा. सिएरा नेव्हाडा या कारखान्याने १९८०च्या सुमारास आपल्या पेल एलमध्ये याचा भरपूर वापर केला, आणि अमेरिकन पेल एल म्हटलं की हाच वास, असं ठरून गेलं. १९९० साली आलेला सेंटेनियल त्याच घराण्यातला वाटतो, पण अल्फा जवळजवळ दुप्पट. म्हणून त्याला दोन्ही कामांना लावता येतं.

अमारिलो म्हणजे नागपुरी संत्र्याची साल. आपल्याकडच्यांना ओळखायला सगळ्यांत सोपा. चिनूक आला १९८५ साली. त्याला चिडाच्या लाकडाचा, राळेचा वास. सिमको त्याच वाटेवरचा, पण सोबत फळही. सिट्रा २००७ चा. लिंबू, लिची आणि पिकल्या आंब्याची आठवण. मोझॅक २०१२ चा. आंबा, बोरवर्गी फळं आणि थोडी मातीही. ऑस्ट्रेलियाचा गॅलॅक्सी पॅशनफ्रूटकडे झुकतो. पेरू आणि पॅशनफ्रूटच्या वासामागे जी गंधकयुक्त संयुगं असतात, तसली संयुगं अत्यंत सूक्ष्म प्रमाणात काही हॉप्समध्येही असतात. प्रमाण बिघडलं किंवा काढणी उशिरा झाली की हीच गंधकाची मंडळी कांद्या-लसणाकडे जातात. समिट या वाणाबद्दल ही तक्रार नेहमीची.

इंग्लंडचे जुने वाण वेगळ्या स्वभावाचे. ईस्ट केंट गोल्डिंग्ज म्हणजे मध, फूल, किंचित मसाला. फगल म्हणजे ओली माती आणि लाकूड. फळांचा गलका नाही. ज्यांना शांत, जुन्या वळणाची पेल एल हवी त्यांनी इकडे यावं.

आणि जपानचा सोराची एस. त्यात लिंबू आहे, आणि शेपू आहे. हो, आपली शेपूची भाजी. आपल्याकडे शेपूवरून घरात दोन तट पडतात, तसेच या हॉपवरूनही पडतात. पहिल्याच वेळी २० लिटरमध्ये ओतू नका.

मग निवड कशी करायची

तीन प्रश्न, याच क्रमाने.

पहिला: कोणत्या वासाची बियर हवी? पपनस-संत्रं, आंबा-पेरू, राळ, की मध-माती? एक निवडा. चारही एकत्र घातले की कुठलाच ओळखू येत नाही. नवशिक्यांनी पहिल्या दोन-तीन वेळा वासाचा एकच वाण वापरावा, म्हणजे तो कायमचा ओळखीचा होतो.

दुसरा: तो किती ताजा आहे? काढणीचं वर्ष पाकिटावर असतं. हवाबंद, चंदेरी, निर्वात पाकीट हवं. उघडून वास घ्या. शिळ्या चीजसारखा किंवा घामट मोज्यांसारखा वास आला तर राळ खराब झालीय. नामवंत पण जुन्या वाणापेक्षा साधा पण ताजा वाण केव्हाही बरा.

तिसरा: अल्फा किती? त्यावरून वजन.

आता एक उदाहरण कृती, २० लिटरची, परदेशातल्या मंडळींसाठी. मॅग्नम, अल्फा १२ टक्के, १८ ग्रॅम, ६० मिनिटं: साधारण २७ आयबीयू. कॅस्केड, अल्फा ६ टक्के, २५ ग्रॅम, शेवटची १० मिनिटं: साधारण ७. मग गॅस बंद, काढा ८० अंशांवर आला की आणखी ३० ग्रॅम कॅस्केड, २० मिनिटं मुरू द्या. यातून कडूपणा थोडाच, चव बरीच. आंबणं संपत आलं की ४० ग्रॅम, तीन दिवस. एकूण ३५ ते ४० आयबीयू. पुढच्या वेळी बाकी काहीही न बदलता कॅस्केडच्या जागी अमारिलो घाला. त्यानंतर सिट्रा. वजन मात्र त्यांच्या अल्फाप्रमाणे शेवटच्या दहा मिनिटांच्या वाट्याला कमी करा. शेतात प्रयोगाचा पट्टा टाकतो तेव्हा खत, पाणी, अंतर सारखंच ठेवतो आणि वाण तेवढा बदलतो. नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

दोन इशारे. बियरचं आंबणं अठरा-वीस अंशांच्या आसपास ठेवा. टेक्सास-ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये ते तीसवर गेलं तर यीस्टचे उग्र वास येतात आणि हॉपची सगळी निवड त्याखाली दबते. आणि बाटली तपकिरीच घ्या. हॉपमधल्या कडू द्रव्यावर उजेड पडला की काही मिनिटांतही कुजकट वास तयार होऊ शकतो. पारदर्शक आणि हिरवी काच तो थांबवत नाही.

यवतमाळात हॉप लावता येईल का?

हा प्रश्न शेतकरी मित्र हमखास विचारतात, कारण नवं नगदी पीक म्हटलं की कान टवकारतात. सरळ उत्तर: पैसे गुंतवू नका. हॉपला उन्हाळ्यात लांब दिवस लागतात आणि हिवाळ्यात खरी थंडी. जगातली हॉपची शेती मुख्यतः ३५ ते ५५ अक्षांशांत आहे. अमेरिकेच्या याकिमा खोऱ्यात जूनमध्ये दिवस पावणेसोळा तासांच्या आसपास असतो. यवतमाळ २० अंशांवर. आपला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. त्यामुळे वेल पुरेशी वाढण्याआधीच फुलावर येते आणि उत्पन्न मिळत नाही. वर मे महिन्याचं ४४-४५ अंश तापमान. भारतात हॉप्सची शेती झाली ती हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, तीन हजार मीटरच्या आसपास उंचीवर. एखादी वेल हौसेने कुंडीत जगेल. एकराचं पीक होणार नाही. ‘रोप आमचं, खरेदीची हमी आमची’ म्हणत कोणी आलं तर आधी हे दिवसाच्या तासांचं गणित त्यांना विचारा.

इथल्यांसाठी प्रयोग: हॉपचं पाणी

आता कबूल केलेला प्रयोग. यात साखर नाही, यीस्ट नाही, म्हणून दारू नाही. हॉप्स आयात केलेल्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. दोन वाणांची लहान पाकिटं पुरेत. घरी आली की लगेच फ्रीजरमध्ये ठेवा. तापमान दर पंधरा अंशांनी वाढलं की हॉप खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. फ्रीजरच्या उणे पंधरापासून आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांपर्यंत चार पायऱ्या आहेत, म्हणजे सोळापट. फ्रीजरमध्ये वर्षभर टिकणारं पाकीट कपाटात तीन-चार आठवड्यांत तेवढंच उतरतं.

पाणी कोणतं? आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं. भांड्यात पांढरा थर धरतो ते. अशा पाण्यात हॉपचा कडूपणा खरखरीत, जिभेला ओढणारा उतरतो. केळापूर-पांढरकवडा भागात काही ठिकाणी फ्लोराइडचाही प्रश्न आहे, आणि उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. म्हणून आरओचं, कॅनचं पाणी घ्या आणि अर्ध्या लिटरला लिंबाचे चार-पाच थेंब पिळा.

चार भांडी करा. पहिल्या वाणाचा एक ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात घालून चाळीस मिनिटं झाकून मंद उकळा. त्याच वाणाचा दुसरा ग्रॅम, पाणी उकळून गॅस बंद करून ते थोडं निवल्यावर घाला, दहा मिनिटं ठेवा. दुसऱ्या वाणाचंही असंच दोनदा. सगळं फडक्यातून गाळा, फ्रीजमध्ये गार करा, आणि घरातल्या माणसांना कुठलं काय ते न सांगता द्या.

काय दिसेल? उकळलेली दोन्ही पाणी कडू लागतील, आणि त्यांच्यातला वाण ओळखणं कठीण जाईल. न उकळलेली दोन्ही कमी कडू, पण एकाला पपनस तर दुसऱ्याला आंबा, असा फरक घरातली आजीसुद्धा सांगेल. त्यात सोडा घातला तर उन्हाळ्यात प्यायलाही बरं लागतं. उरलेला चोथा मात्र कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, त्यांचा ताप जिवावर बेतेल इतका वाढू शकतो.

या चार पेल्यांतून आजचं सगळं व्याख्यान हातात येतं. जास्त उकळलेल्या हॉपचं नाव पुसलं जातं, फक्त आकडा उरतो. न उकळलेल्या हॉपचं नाव उरतं, पण ताजेपणा असेल तरच. आधी काम ठरवा, मग वेळ, मग वाण. परदेशातल्या कुणाला हे व्याख्यान पाठवणार असाल तर सोबत एवढंच सांगा, की पुढचं पाकीट घेताना आधी मागची बाजू वाच, काढणीचं वर्ष आणि अल्फाचा आकडा बघ, आणि मग पुढच्या बाजूचं नाव.